कस्तुरचंद पार्कातली म्हातारी

नागपूर
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. मोहितले आईचा आशीर्वाद.

इथं सगळं बरं आहे. थंडी आहे, गुडघे दुखतेत. पुण्यात तू जेवून राहिला की नुसता चहा पिऊन राहिला, ते तुले ठाऊक. फोनवर तू मले बोलू देत नाही म्हणून लिहून राहिली. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नावं ठेवू नको.

एक सांगायचं होतं. रविवारी मी भजनाले जात नाही. दिवाळीपासून चित्रं काढाले जाते. सदरजवळ कस्तुरचंद पार्कात धा-पंधरा जण जमतेत, कोणी बँकेतले, कोणी कॉलेजातले पोट्टे. सतरंजी टाकून समोरची घुमटाची दगडी छत्री काढायची. पहिले पेनानं, मग मार्करनं रंग. शिकवणारी बाई सांगते, फिकट पहिले, गडद मागून. ऊन पडलं तिथं कागद कोराच ठेवायचा, मागून पांढरं करता येत नाही.

मले वाटलं, यात काय मोठं. आपण उमरेडचे हातमागावर विणणारे, हात आडवा गेला की उभा जातेच. आडव्या रेघांवर मी उभ्या भरल्या, तं कागद भिजून फाटला अन् रंग लुगड्यावर उतरला. बाई म्हणते, "आई, विणायचं नाही. एकाच दिशेनं ओढा." मी म्हटलं, "तुह्या कागदातच दम नाही."

दुसरी खोड सावलीची. ऊन सरकलं की सावली सरकते. सुरुवातीले जशी दिसली तशी धरून ठेवायची म्हणते. मले कुठं धीर? मी तिच्यामागंच. तासाभरात माह्या छत्रीले दोन्हीकून सावली. बाई म्हणे, "सूर्य किती आहेत?" म्हटलं, "तू शिकवशीन तितके."

हे लिहिता लिहिता मधात उठली होती. गॅस बंदच होता, तरी दोनदा पाहून आली. परवा तुहा फोन आला तव्हापासून असंच चाललं. आता लिहूनच टाकते.

ते शिकवणारी बाई म्हणजे मयुरा. कोर्ट सोडचिठ्ठी देत नाही तोपर्यंत तुही बायकोच. पहिल्या दिवशी मी चित्रासाठी गेलीच नव्हती. नातीले पाहाले गेली होती. पावसाळ्यापासून रितिका डोळ्याले दिसली नव्हती. मयुरानं मले पाहिलं, जराशी थांबली, अन् कागद-पेन हातात देलं. रडली नाही, भांडली नाही. मीबी नाही. मयुरा काही देवी नाही, जीभ माह्याहून तिखट आहे. पण ते सगळ्याईचे कागद पाहत फिरते, तव्हा पोट्टी माह्या मांडीशी बसून राहते.

परवा तू म्हणला, वकिलाले मुद्दा सापडला. मयुरा रविवारी पोरीले कोण्या अनोळखी म्हातारीच्या हवाली करून मैदानात चित्रं काढत फिरते. तुह्या दोस्तानं मागून फोटो काढला. पुढच्या तारखेले मी येऊन सांगायचं की असल्या आईजवळ पोरगी राहू नये, म्हणजे रितिका तुले भेटन. तू बोलतच होता.

ते म्हातारी मी आहे. अंगातलं हिरवं स्वेटर तूच पाठवलं होतं. काहून गा, आईची पाठ ओळखू येत नाही?

कोर्टात बोलवलं तं येईन. पाहिलं तेच सांगीन. पोरीच्या डोक्यावर टोपी असते, पिशवीत डबा असते, अन् माय हाकेच्या अंतरावर असते. रितिकाले तुहीबी आठवण येते, तेबी सांगीन. मागच्या रविवारी तिनं मले विचारलं, "बाबा कधी येतेत?" मी म्हटलं, "आधी चित्र पुरं कर."

तुले पोरगी पाहिजे, तं वकिलाले घरी ठेव अन् एखाद्या रविवारी स्वतः ये. नसन यायचं, तं साक्षीदारात माहं नाव लिही. मागून म्हणू नको, आईनं सांगितलं नव्हतं.

कोर्टात पुकारतेत तसं पूर्ण लिहून देते,

कुसुम बबनराव नंदनवार
तुही आई