एक चिंचोका

८ फेब्रुवारी १९९८, घोडेगाव
क्लबाचं कुलूप आज तोडलं. अकरा वर्षांनी. चावी कुणाकडेच नव्हती. मारुतीने पहार घातली, दोन हिसक्यांत कोयंडाच बाहेर आला. आत वटवाघळांची घाण, कॅरमबोर्डाला वाळवी, भिंतीवर सभासदांचे फोटो. त्यातले नऊ अजून जिवंत. सगळ्यात तरुण मी. म्हणजे एकसष्ट.
वकीलसाहेब नाकाला रुमाल लावून दारातच उभे. क्लब त्यांच्या वडिलांनी काढलेला. "सर, हे परत उभं राहील?" म्हटलं, राहील. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, घरात बसून केबल बघतोय. संध्याकाळ झाली की गावाची दारं बंद, प्रत्येक घरातून तीच एक सिरियल ऐकू येते. हल्ली माणसाला माणूस भेटायला मयत लागते.

१५ फेब्रु.
मारुती रोज येतो. कुणी बोलावलेलं नाही. एस.टी.तून यंदाच सुटला. वीस वर्षं भीमाशंकरची गाडी त्याच्याच हातात होती, डोंगरातलं वळणन् वळण पाठ. घर मेंढरांवाल्यांचं. आजा मेंढरं घेऊन हिंडायचा, बाप गवंड्याच्या हाताखाली.
आज झाडताना सांगत होता. नवीन नोकरीत असताना गाडीतून आलेली पाकिटं वकिलांच्या वडिलांना द्यायला क्लबात यायचा. पायरीखाली उभं राहून खिडकीतून कॅरम बघायचा. "वर ये आसं कोनी म्हनलं न्हाई, अन् म्या बी कदी इचारलं न्हाई." हसत सांगितलं.
मी म्हणालो, "क्लब सुरू झाला की पहिला नवा सभासद तू. माझा शब्द."
झाडू थांबला त्याचा. मग परत झाडायला लागला.

४ मार्च
कौलं उलटून झाली. बॅडमिंटनच्या जागेवर मुरूम पसरला, मारुतीने पाणी मारून चोपणीने चोपला. डेपोतले त्याचे तीन दोस्त मदतीला. मी कामांची यादी घेऊन उभा.
"सर नुस्ती यादी धरून हायेत राव, यादी लई जड आसंल," मारुती म्हणाला. सगळे हसले. मीही.

२८ मार्च, पाडवा
सुरू झाला! हॉल भरून माणसं. दोन कॅरम, एक बुद्धिबळ, चार पेपर, एक मासिक. माझ्या बायकोने, शैलाने, सगळ्यांसमोर उभं राहून विचारलं, बायकांचं काय? मला घाम. वकील म्हणाले, "बुधवार तुमचा. माझे वडील असते तर नाही म्हणाले असते, म्हणून मी हो म्हणतो."
घरी येताना शैला खूष. म्हणे, वकील वाटले तसे नाहीत.

१२ एप्रिल
मारुती सध्या पाहुणा म्हणून खेळतो. आज माझ्याशी बसला. दहा-बाराजण भोवती. राणी घेतली, वर कव्हर, आणि माझ्या सात सोंगट्या बोर्डावर तशाच. पावडरीचे हात पुसत म्हणाला, "सर, तुमी शाळंतच बरे व्हता."
ठसका लागेपर्यंत हसले लोक. माझे जुने विद्यार्थीसुद्धा.

१९ एप्रिल
स्टँडवर दोघं बोलत होते. "कुठं निघाला?" "मारुतीच्या क्लबात."
मारुतीच्या.
आठ म्हाताऱ्यांच्या घरी खेटे मी घातले. कलेक्टर कचेरीला अर्ज मी लिहिले. क्लबाची जुनी घटना शोधून काढली, स्वच्छ अक्षरात उतरवली. हे कुणाला दिसत नाही. कौलं दिसतात.

३ मे
आज मारुतीच्या सभासदत्वाची सभा.
जुना नियम असा: प्रत्येक सभासदाला एक पांढरा पावटा आणि एक काळा चिंचोका मिळतो. घ्यायचा असेल तर पावटा डब्यात, नको असेल तर चिंचोका. उरलेलं मुठीत धरून घरी न्यायचं. एक जरी चिंचोका निघाला तरी माणूस वर्षभर बाहेर. नियम पाळायचा हट्ट वकिलांचा. "मारुतीला उपकार म्हणून नको, रीतसर घेऊ. मागून कुणाची बोलायची टाप नको."
डबा फिरला. वकिलांनी टेबलावर उपडा केला. आठ पावटे.
एक चिंचोका.
कुणी कुणाकडे बघेना. मारुती बाहेर ओट्यावर नवा शर्ट घालून बसलेला, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. सांगायला सगळ्यांनी मलाच पाठवलं.
"एकच?" त्याने विचारलं.
"एकच."
बॉक्स पायरीवर ठेवला. "आनलेत तर द्या लोकांना." गेला.
आम्ही ते पेढे खाल्ले.

४ मे
शैलाने कपडे भिजवताना शर्टाच्या खिशातून पावटा काढला. तळहातावर धरून माझ्याकडे बघत राहिली. नियम तिला ठाऊक आहे. मीच सांगितला होता, कौतुकाने.
पावटा उष्ट्याच्या बादलीत टाकला, शर्ट धुवायला घेतला.
मी टाकला. कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहितो. डबा समोर येईपर्यंत मुठीत पावटाच तयार होता. मग ते हसणं कानात आलं आणि बोटांनी दुसरं उचललं. चुकून नाही. टाकल्यावर बरं वाटलं. तेही लिहितो.

७ मे
मारुती घरी आला होता. तीन दिवस जेवला नसावा.
"वकिलानंच. बापानं पायरीखाली हुबा केला, ल्योकानं दारातनं काढला. तुमी शब्द दिल्ता, सर. तुमी तुमच्याकडनं पाळला." दोन्ही हातांनी माझा हात धरला.
तेवढ्यात खरं सांगायला जागा होती. एका श्वासाएवढी. मी म्हणालो, "वकिलांचं काही सांगता येत नाही बाबा."
शैला आतून चहा घेऊन येत होती. दारातूनच परत गेली. मारुती चहाविनाच उठला.

बाजाराचा दिवस (१५ मे असावी)
भर बाजारात मारुतीने वकिलांना गाठलं. त्यांचा हात ओढला, तळव्यावर चिंचोका ठेवला. "तुमची वस्तू, साहेब. माज्याकडं राह्यली व्हती."
वकील लालबुंद. खिशातून पाकीट काढलं, त्यातून स्वतःचा चिंचोका. "हा बघ. माझा माझ्यापाशीच आहे. मी पावटा टाकलाय."
भाजीवाला म्हणाला, "चिच्चंखाली पडलेत की साहेब, पोतं भरून आनू?"
मी कांदे निवडत होतो. कांदेच निवडत राहिलो.

३० मे
आता हा गावाचा खेळच झालाय. वकिलांच्या पायरीवर चिंचोके. स्कूटरच्या सीटवर चिंचोके. कोर्टात त्यांच्या फायलीतून चिंचोका पडला, समोरचा पक्षकार हसला म्हणे. तलाठ्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे सामील. चांगली माणसं. माझ्याकडे शिकलेली.

९ जून
सकाळी वकिलांच्या घरावरून गेलो. त्यांची बायको पायरी झाडत होती. सुपलीत चिंचोके. "सर, तुम्ही तरी सांगा हो लोकांना. तुमचं ऐकतात."
"सांगतो," म्हणालो.
कुणाला सांगितलं नाही. आता तो रस्ता बदलला.

२१ जून
वकील मारुतीच्या वस्तीवर जाऊन आले. स्कूटर चिखलात रुतली तर सोडून दिली, पुढे चालत. सत्तरीला आलेला माणूस, गुडघ्यांचं दुखणं. मारुतीनेच क्लबाच्या फाटकाशी सगळ्यांना सांगितलं, नक्कल करून.
"अंगनात आला, बसा म्हनायची वाट बगत हुबा. म्हनला, मारुती, मी टाकला न्हाई. म्या म्हनलं, मंग तुमच्या बापानं वरनं टाकला आसंल!"
काय हसले सगळे.
"मंग?" कुणीतरी विचारलं.
"मंग काय. गेला तसाच."
मी पण हसलो की नाही आठवत नाही. हसलो असेन.

५ जुलै
वकिलांनी राजीनामा दिला. घर बंद करून पुण्याला मुलीकडे चालले. क्लबाची कागदपत्रं माझ्या हातात देताना आम्ही दोघंच होतो.
"सर, त्या दिवशी तुमच्या मुठीत काय उरलं होतं, हे मी कुणाला विचारलं नाही. तुम्हालाही विचारत नाही."
एवढंच. चष्मा पुसला, वडिलांच्या फोटोकडे बघितलं. फोटो काढून नेतील असं वाटलं. नाही नेला.

१२ जुलै
सभा. अध्यक्ष म्हणून माझं नाव एकमताने. टाळ्या. पहिला ठराव मीच मांडला: पावटा-चिंचोक्याचा नियम रद्द, गावातला कुणीही अर्ज देऊन सभासद. पुन्हा टाळ्या. डॉक्टर म्हणाले, "सर, तुम्ही क्लबाला माणुसकी दिलीत."
घरी सांगितलं. शैला म्हणाली, "अभिनंदन." तिने बुधवारी जाणं सोडलंय. बाकीच्या बायका विचारतात, गुडघे दुखतात म्हणून सांगते.

२ ऑगस्ट
मारुतीकडे अर्ज घेऊन गेलो. सहीपुरती जागा सोडून बाकी सगळा मीच भरला होता.
"नको, सर. आता माज्या पायात तेवढं बळ न्हाई ऱ्हायलं." अर्जाची घडी करून परत दिली. "तुमी लई केलं माज्यासाठी."
क्लब जोरात. खेड्यांतूनही माणसं येतात. आहुप्याचा एक म्हातारा आठवड्यातून एकदा फक्त पेपर वाचायला येतो, शेवटच्या गाडीने परत. असा क्लब हवा होता ना मला? असाच हवा होता.

(मधे लिहिलं नाही.)

८ नोव्हेंबर
पुण्याहून निरोप. वकिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माणसं ओळखतात, बघतात, बोलता मात्र येत नाही.
क्लबात दोन मिनिटं शांतता पाळायची का, असं एकाने विचारलं. म्हटलं, अहो, जिवंत आहेत ते.

१५ नोव्हेंबर
मारुती आला. अंगणातच उभा.
"सर, त्या दिशी तो माज्या अंगनात आल्ता ना. पाच म्हैन्यांपास्नं डोक्यात फिरतंय. खोटं बोलायला मानूस एवढ्या चिखलातनं, तसलं गुडघं घिऊन येत न्हाई. खोटं बोलायचं आसंल तर बाजारात बोलतो. चार लोकांत."
मी खुर्ची पुढे सरकवली.
"त्यानं टाकला न्हाई, सर. मंग कोनी?"
"आता काय उपयोग, मारुती."
"उपयोग हाय की. म्या गाव लावलं त्याच्या मागं." आवाज फुटला त्याचा. बायको गेली तेव्हाही हा माणूस रडला नव्हता. दुसऱ्या दिवशी गाडीवर ड्यूटीला हजर होता. "येत्या रव्वारी पुण्याला जातो. पाय धरतो. तुमी चला संगं. माजं तोंड न्हाई व्हायचं, तुमाला बोलता येतं."
आतून शैलाने भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. ती ऐकत होती.
"येतो," मी म्हणालो.

२१ नोव्हेंबर
दुपारी शैलाने वकिलांच्या बायकोसाठी डिंकाचे लाडू वळले. शेवटी डब्याला फडकं बांधताना:
"तिथे काय बोलणार?"
"बघू."
"त्यांना बोलता येत नाही, हे बरं झालं असं वाटतंय का तुम्हाला?"
उत्तर दिलं नाही. उत्तर होतं.

२२ नोव्हेंबर, मंचर स्टँड
पुण्याची गाडी लागायची आहे. मारुती चौकशीच्या खिडकीशी गेलाय, तेवढ्यात लिहितो. डेपोतले जुने लोक त्याला भेटतायत, तो सगळ्यांना सांगतो, "पावन्यांकडं चाललोय." पांढरे कपडे, दाढी घोटलेली. पाडव्याला केली नव्हती एवढी तयारी.
घोडेगावहून इथपर्यंत एकच बोलला. "कोनी टाकला ते त्याला ठावं आसंल का हो, सर?"
मी खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या बघत होतो.
"आसंल तर हातानं खुनवून दावंल. डावा हात चालतो म्हनं त्याचा."
आला तो. गाडी लागली. लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसलाय आणि शेजारची जागा माझ्यासाठी हाताने पुसतोय.