ओडेसामावशीस, संरक्षणाच्या नोकरीबद्दल खरं काय ते

२ सप्टेंबर

प्रिय ओडेसामावशी,

आधी तुला वाकून नमस्कार. (वाकण्याचा सराव सध्या इतका झालाय, की हा नमस्कार नेहमीपेक्षा हातभर खालून आहे असं समज.) तुझा खुबा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेली काठी वापरतेस, की ती अजून दाराआड उभी आहे आणि तू शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांसाठी मक्याचा पाव उभ्यानेच भाजते आहेस? हेंडरसनचा उकाडा कमी झाला का? नासपतीला फळ धरलं असेल. शिडीवर चढू नकोस, शेजाऱ्यांना सांग.

मी बरा आहे. इतका बरा आहे, की मार्चमध्ये तू पाहिलेला मी आणि आजचा मी शेजारी उभे राहिलो तर आम्ही बापलेक दिसू. हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू गप्प बसलीस की मला सगळंच कबूल करावंसं वाटतं, आणि ते नीट क्रमाने होत नाही. म्हणून पत्र. तू आधी बस. चहा आण, बर्फ घाल, मग पुढचं वाच.

मे महिन्यात मी तुला कळवलं, की मला उत्तरेत संरक्षणाची नोकरी लागली. त्यात शब्दाने खोटं नव्हतं. पण तू त्याचा अर्थ रखवालदार असा घेतलास, चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलंस आणि मला एक टॉर्च, शिट्टी आणि लोकरीच्या मोज्यांचे सहा जोड पाठवलेस. ते खोकं उघडताना मला जे वाटलं ते लिहीत नाही. खरी गोष्ट अशी, की मी ज्याचं संरक्षण करतो तो एकच माणूस आहे. तो माझ्या मागे उभा असतो, त्याच्या हातात बॉल असतो, आणि समोरून तीनशे पौंडांची माणसं त्याला आडवं करायला धावत येतात. त्यांना मी अडवायचं. मावशी, मी फुटबॉल खेळतो, तोच हेल्मेट घालून खेळायचा. आघाडीच्या ओळीत. रॉस्कोकाका जिथे खेळायचे, त्याच जागेवर.

आता पत्र टेबलावर ठेवून मागच्या अंगणात जायचं असेल तर जा. मी थांबतो.

तुला दिलेला शब्द मी विसरलेलो नाही. काकांच्या दफनाच्या दिवशी मी तेरा वर्षांचा होतो. तू माझी टाय बांधत होतीस, आणि ती गाठ आवळताना म्हणालीस, ‘होझेया, कुठलाही खेळ खेळ, पण तो नको.’ मी हो म्हटलं. (गाठ इतकी आवळलेली होती की दुसरं काही म्हणता आलंच नसतं, पण मी मनापासून म्हटलं होतं.) दहा वर्षं तो शब्द पाळला. बास्केटबॉल खेळलो, कॉलेज पार पाडलं, पदवीच्या दिवशी तू इतक्या मोठ्यांदा नाव घेतलंस की डीन दचकले. पण मार्चमधला शेवटचा सामना हरलो आणि माझ्या लक्षात आलं, की सहा फूट सात इंच ही उंची हेंडरसनमध्ये कितीही कौतुकाची असली, तरी धंदेवाईक बास्केटबॉलमध्ये माझ्या जागेवरचा माणूस म्हणून मी ठेंगणा आहे. तिथे मला कोणी बोलावणार नव्हतं.

त्या सामन्यानंतर मी एकटा बाकावर बसलो होतो. शेजारी एक म्हातारा येऊन बसला. गुडघ्यावर वही, कानात केस, आणि सदऱ्यावर मोहरीचा डाग. हे व्रोबेल कोच. इथल्या संघाची आघाडीची ओळ गेली तीस वर्षं तेच घडवतात. मला वाटलं, हे सांत्वन करणार. ते म्हणाले, ‘तुझ्या हातात बॉल आला की मी मान वळवून पॉपकॉर्न खात होतो.’

मी म्हटलं, ‘आभारी आहे.’

‘पण तो दहा नंबरचा दांडगा,’ ते म्हणाले, ‘चाळीस मिनिटांत त्याला तू बास्केटजवळ येऊ दिलं नाहीस. धक्का नाही, ओढाओढ नाही, नुसते पाय. हे पाय शिकवता येत नाहीत. बाकीचं मी शिकवीन.’

‘बाकीचं म्हणजे?’

‘जेवण,’ ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. एप्रिलमध्ये मी करारावर सही केली.

आणि मावशी, जेवण ही किती कष्टाची गोष्ट आहे ते तू मला कधीच कळू दिलं नव्हतंस. तुझ्याकडे जेवायला बसलं की पान आपोआप रिकामं व्हायचं. इथे दिवसातून सहा वेळा, भूक असो नसो. सकाळी दहा अंडी, ओटमील आणि केळी. दोन तासांनी शेंगदाण्याच्या लोण्याचं एक घट्ट पेय, जे पीत नाहीत, गिळतात. दर सोमवारी वजन. मी आलो तेव्हा दोनशे अठ्ठेचाळीस पौंड होतो, आणि कोच वजनकाट्याजवळ उभे राहून मुलीचं लग्न जमत नसलेल्या बापासारखे उसासे टाकायचे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी पळण्याच्या सरावात त्यांच्या बुटांवर ओकलो. त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, ‘बूट धुता येतील. ते जेवण मात्र पुन्हा जेवावं लागेल.’ आज मी दोनशे सत्त्याण्णव आहे. जुनी एकही विजार चढत नाही. रविवारी ज्या हॉटेलात आम्ही पॅनकेक खातो, तिथल्या बाईने माझ्यासाठी लोखंडी खुर्ची वेगळी ठेवली आहे. (लाकडी होती. तिचं काय झालं ते विचारू नकोस.)

पण वजन वाढवणं सोपं म्हणावं, असा पुढचा भाग. बास्केटबॉलने मला दोन गोष्टी हाडात भिनवल्या होत्या: ताठ उभं राहायचं, आणि कोणी अंगावर आलं की दोन्ही हात वर करायचे, म्हणजे पंचाला दिसावं की आपण काही केलेलं नाही. पहिल्या सरावात समोरचा गडी धावून आला आणि मी ताठ उभा राहून दोन्ही हात वर केले. तो माझ्या बगलेखालून निघून गेला. कोच लांबून म्हणाले, ‘होझेया, आशीर्वाद कोणाला देतोयस?’ दुसऱ्या वेळी मी मागे सरकत सरकत थेट आमच्याच क्वार्टरबॅकच्या पायावर उभा राहिलो. क्वार्टरबॅक म्हणजे तोच, ज्याला वाचवायचं. सरावात त्याला लाल सदरा घालतात, म्हणजे चुकूनही कोणी हात लावू नये. कोच आले, त्याच्या बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळू आवाजात म्हणाले, ‘त्याला बाहेरच्यांपासून वाचवायचंय, पोरा.’ तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी हाताला लागून बॉल हवेत उडाला. मी उडी मारून तो झेलला आणि चार पावलं बास्केट शोधत गेलो. त्यावर सगळे आठवडाभर हसले.

त्या आठवड्यात मी परत यायचं ठरवलं होतं. बॅग भरली होती. पण सरावाच्या शिबिरात माझ्या खोलीत फेटू होता. हा सामोआ बेटांवरचा, बत्तीस-तेहतिशीचा, या ओळीत अकरा वर्षं काढलेला. सगळे त्याला काका म्हणतात, कोचसुद्धा. त्याने बॅगेकडे पाहिलं आणि काही न विचारता कपडे वाळत घालायची दोरी काढली. ती बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या छातीच्या उंचीवर बांधली. मग म्हणाला, ‘चल, खालून जा. गुडघे वाकव, कंबर नको. डोकं दोरीला लागलं की पहिल्यापासून.’ सहा आठवडे, रोज जेवणाच्या आधी, आम्ही दोघं त्या बोळात बदकासारखे चालत होतो. झाडायला येणारी बाई आम्हाला वळसा घालून जायची. तो मला सांगायचा, ‘समोरच्याच्या डोळ्यांत बघू नकोस, खोटे असतात. खांदेही खोटे. पोट बघ. पोट टाकून माणूस कुठे जाणार?’

मावशी, तो ज्या जागेवर खेळतो तिथेच मला घेतलं होतं. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एकदा मी न राहवून विचारलं, ‘काका, तू मला का शिकवतोयस? मी शिकलो तर तुला काढतील.’

तो गुडघ्याला बर्फ बांधत होता. ‘मला तू नाही काढणार, हा काढणार,’ त्याने गुडघ्यावर थोपटलं. ‘तू नसतास तर दुसरा कोणी आला असता आणि माझं डोकं खाल्लं असतं. तू निदान फक्त जेवण खातोस.’ मग पट्टी आवळत म्हणाला, ‘मागे जो उभा असतो ना लाल सदऱ्यात, त्याला दोन लहान मुली आहेत. माझ्यानंतर तिथे कोणी नीट उभं राहिलं पाहिजे.’

ऑगस्टमध्ये सरावाच्या सामन्यात मला शेवटची पंधरा मिनिटं उतरवलं. साठ हजार माणसं होती (अर्धी घरी निघाली होती). पहिल्याच वेळी बॉल हलायच्या आधी मी हललो. याचा दंड म्हणून अख्खा संघ पाच यार्ड मागे जातो, आणि माझा नंबर लाउडस्पीकरवर पुकारतात. दुसऱ्या वेळीही तेच. हेंडरसनला ऐकू गेलं नसेल अशी आशा आहे. तिसऱ्या वेळी मी थांबलो. समोरचा डावीकडे झुकला, खांदे डावीकडे, डोळे डावीकडे, आणि पोट उजवीकडे निघालं. मी उजवीकडे पाय टाकला आणि तो माझ्या छातीवर येऊन थांबला. मागून बॉल गेला, लांब कोणीतरी झेलला, लोक उठून ओरडले. माझ्याकडे कुणीही पाहत नव्हतं. आणि मला कळलं, की रॉस्कोकाका रविवारी जेवण झाल्यावर ओसरीवर बसून कशाबद्दल बोलायचे. ते कधी बॉलबद्दल बोलत नसत. ‘माझ्या बाजूने कोणी गेलं नाही,’ एवढंच म्हणायचे.

काकांचं शेवटचं वर्षही मला आठवतं. बूट फ्रिजमध्ये ठेवायचे. मला अल्विन म्हणून हाक मारायचे, आणि अल्विन हा त्यांचा भाऊ मी जन्मायच्या आधीच गेलेला. तू कधी दुरुस्त केलं नाहीस, मलाही करू दिलं नाहीस. म्हणून मी तुला ‘मला काही होणार नाही’ असं लिहिणार नाही. इथे डोक्याला मार लागला की डॉक्टर बाहेर बसवतात, प्रश्न विचारतात, काकांच्या वेळी हे नव्हतं. पण ते सगळं असूनही होऊ शकतं. मला माहीत आहे, आणि माहीत असून मी खेळतो आहे. यापेक्षा खरं मला लिहिता येत नाही.

मंगळवारी संघाने नव्वद खेळाडूंतले त्रेपन्न ठेवले आणि बाकीचे काढले. काढायचं असलं की एक माणूस येऊन खांद्यावर हात ठेवतो. मी नाश्त्याला बसलो होतो. तो माणूस आमच्या टेबलाकडे येताना दिसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडातलं अंडं खाली जाईना. त्याने हात फेटूच्या खांद्यावर ठेवला. फेटूने ताटातलं संपवलं, तोंड पुसलं आणि उठला.

त्याचं खोकं मी गाडीपर्यंत नेलं. त्याची बायको गाडीत होती, मागे तीन मुलं. मी म्हटलं, ‘काका, माझी चूक...’ तो म्हणाला, ‘खोकं खाली ठेव. उभा राहा.’ मी उभा राहिलो. ‘तसा नाही.’ मग मी तिथेच, भर उन्हात, गाड्यांच्या मधोमध, खेळायच्या पवित्र्यात बसलो. त्याने मागून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दाबला. ‘आणखी खाली,’ तो म्हणाला. ‘अजून. आता ठीक.’ हात बराच वेळ तिथेच होता. मग त्याच्या बायकोने हॉर्न वाजवला, आणि ती खिडकीतून म्हणाली, ‘सोड त्याला, डोळे पुसू दे.’

तेव्हा मावशी, मी राहिलो. माझ्या नावाची खुंटी आहे, तिच्यावर सदरा टांगलेला आहे. तुझा शब्द मोडला त्याची माफी मागतो. मोडल्याचं दुःख आहे, पण खेळल्याचं नाही, आणि हे दोन्ही तुलाच सांगायचं होतं. रागाव. हवं तितकं रागाव. फक्त रागात जेवण टाकू नकोस.

तुझा (आणि पूर्वीपेक्षा एकोणपन्नास पौंडांनी अधिक तुझा),
होझेया

ता. क. पहिला घरचा सामना येत्या रविवारी दुपारी एकला आहे. ती चर्चची वेळ आहे हे मला ठाऊक आहे. विमानाचं तिकीट सोबत ठेवलंय. तू येऊन सगळा वेळ डोळे मिटून बसलीस तरी चालेल.

ता. क. दुसरा. खरं तर या पत्राचं कारण एवढंच आहे. एप्रिलमध्ये इथे एक फॉर्म भरून घेतला. खेळाडूला काही झालं तर आधी कोणाला कळवायचं, ते त्यात लिहायचं असतं. नाव तुझं लिहिलं. पुढे नातं विचारलं होतं. आई गेल्यापासून अठरा वर्षं शाळेत, कॉलेजात, दवाखान्यात, सगळीकडे मी तिथे ‘मावशी’ लिहीत आलो. या वेळी पेन तिथे टेकलं आणि मी ‘आई’ लिहिलं. तुला न विचारता. या आठवड्यात ऑफिसातून पत्ता पडताळायला फोन येईल. एक बाई विचारेल, ‘होझेयाच्या आई बोलताय ना?’ मला काही झालेलं नसेल, घाबरू नकोस. तिला हो म्हण. आणि म्हणवत नसेल, तर तिला काही सांगू नकोस, मला सांग, मी फॉर्म बदलून घेईन.