‘बिसीच’ची सगळी रूपं

३ मार्च, सोमवार. अकोला.
वही नवी, निर्णय नवा. अमरावतीला, कॉलेजला परत जायचं.
दीक्षाचा फोन होता. (तिने केला. मी नाही. नोंद असावी.) ती म्हणाली, परीक्षेचा फॉर्म भराची लास्ट डेट दहा हाय. फॉर्मवर ढोके सरांची सही लागते आणि सर म्हणते का पयले माफीचा अर्ज पाह्यजे. दोन ओळी लिही, येजो, सही घेजो, पंधरा मिनिटांचं काम.
पंधरा मिनिटं. मुलींना सगळं सोपं वाटतं.
जानेवारीत काय झालं ते इथे एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा डोकं तापायला नको. ढोके सर जुनी इंग्रजी कविता शिकवत होते. त्यात ‘बिसीच’ आला. बिसीच म्हणजे कळवळून विनवणे. सरांनी त्याची तिन्ही रूपं विचारली. साठ पोरांतून मलाच. मी उभा. वर्ग हसला. दीक्षा पहिल्या बाकावर होती, तोंड दिसलं नाही, पण तिचे खांदे हलले. मी म्हणालो, सर, हे क्रियापद अमरावतीत कोण वापरते ते दाखवा, मग रूपं सांगतो. आणि दार ओढून निघून आलो. दाराची काच तडकलेलीच होती. पडायला निमित्त शोधत होती.
असं मी सहाव्या सेमिस्टरला बी.ए. सोडलं.
प्लॅन: अर्ज इंग्रजीत. त्यात बिसीच. एकदा नाही, सगळ्या रूपांत. सर वाचतील आणि गप होतील. दीक्षाला कळेलच. एका क्रियापदात दोन कामं.

४ मार्च. सकाळी.
दीपमालाताईच्या बी.एड.ची डिक्शनरी काढली. बिसीच, बिसॉट, बिसॉट. पाठ. सव्वा मिनिट लागलं. यासाठी माझं वर्ष अडवून ठेवलंय.
अर्ज उद्या.

५ मार्च.
मोबाईलवर पाहिलं. ‘बिसीच्ड’पण चालतं म्हणे. दोन्ही बरोबर, पण बिसॉट जुनं आणि साहित्यिक. मी साहित्यिकच घेणार. स्वस्तातलं रूप ढोके सरांपुढे न्यायचं नाही.
बाबा डेपोतून आले. विचारलं, तू कॉलेज सोडलं का कॉलेजनं तुले? मी म्हणालो, अभ्यास करून राहिलो. बाबा म्हणाले, चार दिवस झाले एकच पान उघडं हाय. (दोनच दिवस झालेत. माणूस तीस वर्षं एस.टी.चे टायर मोजतो आणि घरी आकडे वाढवून सांगतो.)

७ मार्च. दुपार, गच्चीवर. ऊन आहे पण खाली बसवत नाही.
साहित्यिक वापराचा अभ्यास. हा शब्द जुन्या नाटकांत आहे, प्रार्थनांत आहे, राजाला दिलेल्या अर्जांत आहे. कैदी वापरतात. ज्यांची पोरगी दुसरीकडे देऊन राहिले ते प्रेमी वापरतात. एक गोष्ट खटकली. बहुतेक सगळे गुडघे टेकून वापरतात.
मी गुडघे टेकणार नाही. उभ्यानं बिसीच करता येतं का, ते डिक्शनरीत दिलेलं नाही. यावर दोन दिवस गेले तरी चालतील. पाया पक्का पाहिजे.

१० मार्च.
तारीख वाढली. पंधरापर्यंत, विलंब शुल्कासह.
मी म्हटलंच होतं. आपल्याकडे फॉर्मची लास्ट डेट म्हणजे सुरुवात असते. त्या दिवशी भरणारे ते पुण्यात जातात आणि तिथेच राहतात.
दीक्षाला फोन केला. ती म्हणाली, बरं झालं, आता उद्या ये. मी म्हणालो, घाई करू नको. ती म्हणाली, मी कायची घाई करून राहिली, वर्ष तुयं जाऊन राहिलं.
आवाजात काळजी होती. स्पष्ट.

१२ मार्च.
सराव. आईला म्हणालो, आय बिसीच यू, चहा. आई म्हणाली, मंग चहा पाह्यजे का ते पाह्यजे? चहा दिला. म्हणजे शब्दात ताकद आहे.
ताईला म्हणालो, स्कूटी दे, आय बिसीच यू. ताई म्हणाली, तू जेव्हा इंग्रजीत मागतं ना, तवा असं वाटते का आमीच तुयं देणं लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. तिचं मत चौथीपुरतं.
स्कूटी दिली नाही.

१५ मार्च.
वाढली. वीसपर्यंत. अतिविलंब शुल्क.
काल धुळवड होती म्हणून लिहिता आलं नाही. परवा होळी होती म्हणून नाही. त्याआधी होळी येणार होती.

१७ मार्च. सकाळी ६. झोपच आली नाही.
अर्ज उतरला. पान भरलं. पहिल्या परिच्छेदात साधा वर्तमान, मग भूत, मग चालू. तिसऱ्या परिच्छेदात ‘आय हॅड बीन बिसीचिंग’. याचा अर्थ मी बराच काळ विनंती करत आलो होतो. तशी केलेली नाही. पण वाक्य म्हणून कोणी बोट ठेवू शकत नाही.
चौथ्या परिच्छेदात भविष्यकाळ. त्यात सर कमी आणि दीक्षाच जास्त डोळ्यांपुढे आली. ‘आय शॅल बिसीच टिल द एंड ऑफ माय डेज.’ सरांना थोडं जास्त होईल. पण काढवत नाही.
आईने विचारलं, झालं का? वाचून दाखवलं. आईने सगळं ऐकलं. म्हणाली, चांगलं हाय, कोनाच्या लग्नात वाचाचं हाय?

१९ मार्च.
दीक्षाचा फोन. तापलेली. म्हणाली, मी स्वतः ढोके सरांकडे गेलती. सर म्हणे, पोट्टा हुशार हाय, येऊ दे. सर चार वाजेपर्यंत स्टाफरूममध्ये असते, उद्या तुयासाठी पाचपर्यंत बसतो म्हणे. पाचला पोर्टल बंद. आता वाढत नाही.
मी म्हणालो, वाढते. तू मध्ये काहून पडली? माझं मी पाहून घेतलं असतं.
ती म्हणाली, एम.ए.ले संगं जाऊ असं तूच म्हटलं होतं. मी पुढचा एक साल बसून नाही राहणार, सांगून ठेवतो.
फोन ठेवल्यावर तीन वेळा घराला चक्कर मारली. ती माझ्यासाठी सरांकडे गेली. म्हणजे तिने बिसॉट केलं. कुणासाठी? माझ्यासाठी.
उद्या अमरावती. नक्की.

२० मार्च, गुरुवार. सकाळी ९.४०, बसमध्ये.
मूर्तिजापूर गेलं. तीन सीट बदलल्या. एकीकडे ऊन, एकीकडे हवा, तिसरीकडे एक काका विचारून राहिले, पोरा, परीक्षेले चालला का. अर्ज खिशात. खिशाला हात लावून लावून घडी मळली. फ्रेश प्रिंट काढावी लागेल, पेनड्राईव्ह आहेच.

दुपारी ३.१०
प्रिंटवाल्याच्या कॉम्प्युटरने बिसॉटखाली लाल रेघ मारली. मी म्हणालो, तुमचा कॉम्प्युटर अडाणी आहे. तो म्हणाला, भाऊ, माया कॉम्प्युटर दहा वर्षांपासून पी.एच.डी. छापून राहिला. मी म्हणालो, म्हणूनच. त्याने पेनड्राईव्ह काढून हातात दिला. दुसरं दुकान. तिथे लाईट नाही. तिसरं.
तत्त्वाचा प्रश्न होता.

४.२०
स्टाफरूमच्या दारात. नवी काच बसवली आहे. आत सर एकटे.

४.५०, कॉलेजच्या गेटबाहेर.
जसं झालं तसं लिहितो.
सर म्हणाले, ये. बस. टेबलावर फॉर्म होता, दीक्षाने आधीच भरून ठेवलेला. पेनचं टोपण काढलेलं. सर म्हणाले, बोल, काय म्हणतोस? खिशात हात घातला. कागद हाताला लागला. सरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर घेतला. इतक्या सावकाश, की मला वाटलं आता हे माझं ऐकणार. खरंच ऐकणार.
मी म्हणालो, काही नाही सर. अमरावतीला आलो होतो, म्हटलं भेटून जावं.
सर म्हणाले, बरं केलंस. आणखी काही?
मी म्हणालो, नाही.
सरांनी चहा मागवला. मी चहा प्यायलो. उन्हाळा यंदा लवकर आला यावर बोलणं झालं. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी पेनला टोपण लावलं. मी जय भीम करून निघालो, सरांनी उभं राहून जय भीम केलं. दार मी हळू लावलं. ही माझी जमेची बाजू.

सायंकाळी ६.१५, बस स्टँड.
मघाशी, पाचच्या आधी, दीक्षा कॉलेजसमोरच्या लिंबाखाली उभी होती, फॉर्म अपलोड करायला सायबर कॅफेवाल्याला थांबवून ठेवून. विचारलं, झाली सही? मी सांगितलं, सरांचा मूड बरोबर नव्हता. ती म्हणाली, सरांचा आताच फोन आलता मले, म्हणे चहा घेऊन गेला.
मग हात पुढे केला. अर्ज दे.
दिला. पाच वाजून गेले तरी ती वाचत होती. उभ्यानं, एकेका ओळीवर बोट ठेवून. चौथ्या परिच्छेदावर बोट थांबलं. मी दुसरीकडे पाहिलं. तिला कळलं, असं वाटलं. आता बोलेल.
ती म्हणाली, सुगत, तुयं इंग्रजी चांगलं हाय. एकच सांग. याच्यात ‘माझं चुकलं’ कुठी हाय?
कागद परत देऊन ती गेली. कॅफेवाल्याचा हिशोब तिनेच केला. मी हाक मारणार होतो.
अकोल्याची बस लागली आहे. खिडकीत बसून पूर्ण पान वाचलं, वरून खाली, मग खालून वर. ‘माझं चुकलं’ नाही. बिसीच अकरा वेळा आहे.
जागाच उरली नव्हती.