परांजपेकाकांचे शेंगदाणे

मंगळवार, संध्याकाळ

वाकडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकून घरी आले. चहासुद्धा करवत नाही. आणि ते शेंगदाणे काही डोक्यातून जात नाहीत.

परांजपेकाका आमच्या संशोधनातले सगळ्यात अवघड पेशंट. जबड्याचं हाड इतकं झिजलेलं, की शेवटी गालाच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात उभे केले. आज चावण्याची चाचणी होती. दिलेले शेंगदाणे त्यांनी कडाकडा फोडले, अगदी बारीक. मी खूश. मग नेहमीचा प्रश्न, घरी काय खाता?

"मऊ भात. नाहीतर दुधात कुस्करलेली पोळी."

मी चिडलेच. "अहो काका, मग एवढा खटाटोप कशासाठी केला आपण?"

"डॉक्टर, आपण हिला नाही म्हणालात ना."

काकूंचंही हाड तसंच गेलेलं. पण साखर आटोक्यात येईना, म्हणून त्यांना अभ्यासात घेतलं नाही. नियमच आहे तसा. आणि बरोबरच आहे. आहे ना?

"ती समोर कुस्करून खाणार आणि मी कडाकडा चावणार? शोभतं का ते?"

अहवालात काय लिहू? दात उत्तम, वापर शून्य? वरिष्ठ कारण विचारतील. हे सांगू?

निघताना काकांनी उरलेल्या शेंगदाण्यांकडे बोट दाखवलं. "हे नेऊ का? घरी कूट करतो. म्हणजे दोघांना खाता येतील."