गाडीतली शेगडी

इंदिरानगर, नाशिक
बुधवार, १७ डिसेंबर २०२५

ती. शुभांगीवहिनीस,

छायाचा नमस्कार. अक्षर ओळखलंस तर लगेच फाडू नकोस, एवढंच आधी मागते. पत्ता हिरामणभाऊंकडून मिळाला. ते भाजीची गाडी घेऊन हरसूलच्या बाजाराला येतात, तू कामाला आहेस त्या आश्रमशाळेच्या फाटकाशी त्यांनी तुला पाहिलं म्हणे. तुझा फोन नंबरही देत होते, मी घेतला नाही. फोनवर मी इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला असता, मला माझी खोड माहीत आहे. दीपकदादाने दुसरं लग्न केलं तेव्हाच तुला वहिनी म्हणायचा माझा हक्क संपला, पण दुसरं काय म्हणू ते सुचत नाही.

इकडे थंडी मरणाची पडली आहे. आईचे गुडघे धरलेत, ती मातोरीलाच दादाकडे असते. दसऱ्यात झेंडूला भाव नव्हता, आता शेवंती बरी चालली आहे. मी एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. मुलगी आरोही दहा वर्षांची, पाचवीत. तोंडाने तिखट आहे, आई म्हणते माझ्यावर गेली.

माझे मिस्टर कुंदन, तू त्यांना पाहिलेलं नाहीस. सातपूरला एका कारखान्यात टूलरूमला आहेत, लोखंडी साचे म्हणजे डाय बनवतात. गेल्या वर्षी त्यांनी एक जुनी बारा सीटर गाडी घेतली, सीटा उपटून टाकल्या आणि आत चक्क संसार मांडला. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, पडदेसुद्धा. सोसायटीवाले म्हणतात, कुंदनशेठ, आता फ्लॅट भाड्याने देऊन टाका. येत्या मंगळवारी, तेवीस तारखेला, बापलेक त्या गाडीने मनालीला निघणार आहेत. नाताळची सुट्टी आहे, पोरीला बर्फ बघायचाय. द्राक्षांचा सीझन तोंडावर म्हणून मला रजा नाही.

बर्फात झोपायचं तर गाडीत हीटर हवा. त्यावर आमच्याकडे दोन महिने चर्चासत्र चाललं. विजेवरचा घ्यावा तर बॅटरी तासाभरात मान टाकते. गॅसवरचा घ्यायला निघाले तर मी हात जोडले, म्हटलं अहो, उशाशी सिलिंडर ठेवून माझं पोर झोपवू नका. मग डिझेलवरचा ठरला. म्हणजे बघ, तो मीच निवडला. चपलांच्या खोक्याहून थोडा मोठा डबा असतो. आत डिझेल थेंबथेंब जळतं, पंखा गरम हवा गाडीत फेकतो आणि जळल्याचा धूर वेगळ्या नळीने तळातून बाहेर जातो. सगळा खेळ त्या नळीचा. बसवायला जाणता माणूस बोलवा म्हटलं तर म्हणाले, "वीस वर्षं डाय बनवतोय मी. एक नळी बसवता येणार नाही होय?" नळी तोकडी पडली, तेव्हा कारखान्यातून एक तुकडा आणून जोड दिला. तो जोड आला पलंगाखालच्या पेटीत, आणि वर आरोहीची गादी.

हीटरच्या खोक्यात एक पांढरी घंटी आली होती, बिस्किटाच्या पुड्याएवढी. विषारी वायू झाला की ती ओरडते. एक इंग्रजी पुस्तिकाही होती. शनिवारी संध्याकाळी आरोही ओट्यावर बसून ती मला मराठीत करून सांगत होती, शाळेतला धडा सांगावा तशी. "आई, या वायूला रंग नसतो, वासपण नसतो. बंद जागेत काही जळत राहिलं की होतो. लहान बाळांना आधी लागतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. माणसाला वाटतं झोप आलीय, आणि तो उठतच नाही." मी कणीक मळत होते. त्यापुढचं काही मला ऐकू आलं नाही.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये चाचणी केली. दोघं आत, काचा बंद. आरोही मला काचेतून स्वेटर काढून दाखवत होती, इतकी ऊब. थोडा जळका वास आला, कुंदन म्हणाले नव्या रंगाचा आहे. अर्ध्या तासाने ती घंटी जी किंचाळायला लागली! मी दार ओढलं आणि पोरीला दंडाला धरून बाहेर काढली. ती म्हणाली, "आई, डोकं दुखतंय." वहिनी, मी तिथेच फरशीवर बसले.

कुंदन हसायला लागले. "अगं, फुकटात आलेली घंटी ती, फोडणी दिली तरी बोंबलेल." तिचे सेल काढून त्यांनी टीव्हीच्या रिमोटला घातले. मी रडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. त्यांचं एकच, "तू मूळचीच भित्री. घरात साधा धूप घालू देत नाहीस." खरं आहे. आमच्या घरात कोळसा नाही, धूप नाही, काही नाही. का नाही, ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

सहा दिवस राहिले.

एक विचारू? तुला तेव्हा, बाळंतपणात, शेक झाला की डोकं दुखायचं ना गं? मळमळतंय म्हणायचीस. आई म्हणायची, नाटकं करते. तू म्हणायचीस हे मला पक्कं आठवतंय.

आज यापुढे लिहवत नाही.

गुरुवार

पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. आज सगळं लिहिते. मध्ये थांबले तर परत धीर व्हायचा नाही.

तुला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते आमच्याकडे झालं. मागच्या खोलीत बाज, बाजेखाली कोळशाची शेगडी, ओव्याची धुरी, दारं-खिडक्या बंद. बाळंतिणीला वारा लागायला नको. सुलाबाई सकाळी येऊन तुला आणि बाळाला न्हाऊ घालायची, शेक द्यायची, आणि जाताना रोज मला बजावायची, "छाये, घटकाभरानं शेगडी भाईर काढ बरं का. इसरू नको." मला तेवढं एकच काम होतं. चांगली सतरा वर्षांची घोडी होते मी.

त्या दिवशी संक्रांत होती. बाळाचा नववा दिवस. वारा सुटला होता आणि खिडकीच्या फटीतून थेट तुझ्या लेकीच्या अंगावर येत होता. मी आईचं जुनं लुगडं त्या फटीत कोंबलं. सुरीच्या टोकाने आत ढकलून ढकलून कोंबलं. शेगडीत दोन कोळसे जास्त घातले. मायेनेच केलं गं. तेवढ्यात शेजारची निर्मला हाक मारायला आली, आणि मी काळी साडी नेसून तिच्याबरोबर तिळगूळ वाटायला गेले. शेगडी आतच राहिली. तीन तास राहिली.

परत आले तर आई मळ्यात, दादा मार्केटला. दार उघडलं. तू पडली होतीस, चेहरा लालबुंद, उशीवर उलटी. लेक तुझ्या दंडावर.

मला आधी काय सुचलं सांगू? शेगडी. आई ओरडेल म्हणून मी आधी शेगडी उचलली आणि न्हाणीमागे उकिरड्यात उपडी केली. लुगडं ओढून काढलं, खिडकी उघडली. मग तुझ्याकडे वळले. तुला हलवलं, तू नुसतं हुं केलंस. मग तिला हात लावला. आणि मग बोंब मारली.

तोवर खोलीत काहीच नव्हतं, उघडी खिडकी आणि तुम्ही दोघी. आई म्हणाली, पोरगी कुशीखाली आली. सगळ्यांनी तेच धरलं. बाया म्हणाल्या, आईला एवढी कसली मेली झोप? कुणीतरी हेही म्हणालं की मुलगी झाली होती ना. मी तिथेच उभी होते, वहिनी. तुला उभंही राहता येत नव्हतं आणि तू एकच घोकत होतीस, "मी वळलेच नव्हते, मी कुशीवर वळलेच नव्हते." दादा गप्प, मी गप्प. तीन महिन्यांनी तू पेटी घेऊन एसटीत बसलीस, तेव्हा मी गोठ्याच्या आड लपले होते.

तर ऐक. तू वळली नव्हतीस. ती तुझ्या अंगाखाली नव्हती, तुझ्या दंडावर उताणी होती, तोंड मोकळं होतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तू झोपलीही नव्हतीस, तुलाही तोच वायू लागला होता, तू मरता मरता वाचलीस. तू तिला मारलं नाहीस.

वायूबियूचं मला माहीत नव्हतं, देवाशपथ नव्हतं. गेल्या शनिवारी पोरीच्या तोंडून ऐकलं. पण शेगडी लपवली हे तर माहीत होतं ना? ते बावीस वर्षं रोज माहीत होतं.

आता कुंदनना थांबवायचं तर हे सांगावं लागेल, त्याशिवाय ते ऐकायचे नाहीत. सांगितलं तर ते माझ्याकडे कसे बघतील, आरोही कशी बघेल, याची भीती आहे. नाही सांगितलं तर मंगळवारी ती त्या पेटीवर झोपायला जाईल. अक्षर लागत नसेल तर सांभाळून घे. पण त्यांच्याआधी हे तुला सांगायला हवं होतं, म्हणून आधी तुला लिहिलं.

रविवार, २१ डिसेंबर

सांगितलं. शुक्रवारी जेवताना सांगितलं. आरोहीला आत पाठवलं होतं, पण ती कसली जाते, दाराशीच उभी होती. कुंदनचा हात ताटातच राहिला. "एवढी वर्षं?" एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

शनिवारी उजाडताच ते खाली गेले. थोड्या वेळाने मला हाक मारली. गादी बाजूला काढली होती, पेटीचं झाकण उघडं. झाकणाची आतली बाजू काजळीने काळी झाली होती. जोड सुटला होता, त्यात त्यांचं बोट जात होतं. ते गाडीच्या पायरीवर बसले. "छाया, मी तिला इथंच झोपवणार होतो." वीस वर्षं डाय बनवणारा माणूस असं म्हणत होता. मला वाटलं होतं, खरी ठरले की जरा मोकळं वाटेल. उलट तेव्हापासून जास्तच घाबरले आहे. हीटर काढून टाकला, मनाली रद्द केली. आरोहीने ताट ढकललं, पाय आपटले, मला चालेल. ती डुलकी घेते तेव्हा मी नाकाशी बोट धरून बघते. ती वैतागते.

आज आम्ही मातोरीला गेलो. आई आणि दादासमोर मी सगळं सांगितलं, लुगड्यापासून उकिरड्यापर्यंत. आई म्हणाली, "आता कशापायी उकरून काढती? झालं गेलं गंगेला मिळालं." मला राग आला. म्हटलं, "गंगेला नाही मिळालं, आई. वहिनीच्या माथ्यावर राहिलं." तिने डोळ्याला पदर लावला. माझ्यासाठी की तुझ्यासाठी, ते मी विचारलं नाही. दादा उठला, पायात वहाणा घातल्या. मग म्हणाला, "ती सांगत होती. म्या ऐकलं नाय." आणि शेवंतीत निघून गेला. आम्ही निघेपर्यंत परत आला नाही. सुलाबाई गेली, पण त्या दिवशी बोललेल्या बायांपैकी तिघी अजून आहेत. पुढच्या रविवारी तिघींच्या दारात जाऊन सांगणार आहे. भीती वाटते, पण जाणार आहे.

मी माफी मागत नाही, तेवढं तोंड नाही मला. तू हे पत्र हव्या त्याला दाखव, पोलिसात दे, शाळेतल्या बायांना वाचून दाखव, मी नाही म्हणणार नाही. तुझ्या उत्तराची धास्ती आहे आणि उत्तर आलंच नाही तर त्याची जास्त आहे.

येताना गाडीत आरोहीने विचारलं, "आई, त्या बाळाचं नाव काय होतं?" बारसं तीन दिवसांवर आलं होतं. नाव आत्याने ठेवायचं असतं, आधी बाळाच्या कानात सांगायचं असतं. मी एक ठरवलं होतं, कुणालाही सांगितलं नव्हतं. आज ते अगदी ओठांवर आलं, पण नाही बोलले. म्हटलं, "ते तिच्या आईला विचारावं लागेल." तू इतकी वर्षं मनात तिला काहीतरी म्हणत असशीलच. तेच तिचं नाव.

तुझ्या लेकीची आत्या,
छाया