तेवीस नंबर आणि पुण्याचा सामना

नाशिक, ७ जानेवारी १९९८

ती. झुंबरमामांस जीवनचा नमस्कार.

दसऱ्यापासून पत्र नाही, याची क्षमा असावी. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. गुडघा कसा आहे? चांदवडला थंडी असेल, मामींना शेकायला सांगा. इकडे संजना ठीक. एक दाढ सोडल्यास मीही ठीक. (दाढ पुढे येईलच.)

पन्नास वर्षं तुम्ही रेडिओवर सामने ऐकलेत, मैदान एकदाही पाहिलं नाहीत. म्हणून पुण्याचा सामना दाखवीन असा शब्द मी दसऱ्याला दिला. दोन तिकिटांचे तीनशे रुपये. पण च्युइंगममधून निघणारी क्रिकेटपटूंची कार्डंही मी जमवतो. (चव्वेचाळिसाव्या वर्षी का, हा प्रश्न रोजनिशीत तीनदा विचारला आहे. उत्तराची जागा कोरी आहे.) दोन्ही खर्च पगारात बसेनात. तेवढ्यात कंपनीची योजना निघाली: तीस कार्डांचा संच पाठवा, दोन तिकिटं मिळवा. मला वाटलं, एकाच खर्चात दोन्ही साधलं. तीन महिन्यांत तीनशे चाळीस गम चघळले, रुपयाला एक. एकोणतीस कार्डं जमली, आणि दाढेतलं चांदीचं सिमेंट गमबरोबर बाहेर आलं. दातांच्या डॉक्टरांचे नव्वद. तिसावं कार्ड, म्हणजे तेवीस नंबर, अडल्याचं संजनानं मामींना फोनवर सांगितलं, आणि ते तुम्हाला सापडलं. त्यावर तुमचं पोस्टकार्ड: ‘तेवीस नंबर माझ्यापाशी हाय. आधी मैदान दाखव, मंग कार्ड घे. भाच्याचा भरोसा नाय.’ ते मनाला लागलं, पण तुमचं चुकलं असंही म्हणवेना.

आता मुख्य गोष्ट. बावीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यामुळे हाती आलेली वस्तू नोंदवल्याशिवाय मला चैन पडत नाही. प्रत्येक कार्डावर मी दाखल क्रमांक घातला आणि शिक्का मारला. (शिक्का माझा स्वतःचा. शाई कॉलेजची होती, तिचे दोन रुपये भरले.) रविवारी वेष्टणाच्या आतली बारीक अक्षरं भिंगातून वाचली: खूण, लिखाण वा शिक्का असलेली कार्डं बाद. माझी एकोणतीसच्या एकोणतीस बाद. यष्टिरक्षकाच्या तर कपाळावरच जांभळा शिक्का आहे.

तेव्हा यंदा सामना आमच्याकडे टीव्हीवर पाहावा, असं सुचवतो. टीव्हीवर बाद झालेला माणूस पुन्हा पुन्हा बाद होताना दिसतो, मैदानात एकदाच. संजना मिसळ करील.

आपला,
जीवन

ता. क. पत्र संजनानं वाचलं. (मी दिलं नव्हतं.) म्हणाली, “अहो, चारशे तीस रुपये रबर चघळण्यात घालवलेत, आणि मामांना टीव्ही दाखवता? त्यांनी सामन्यासाठी नवी टोपी शिवलीय. मामी फोनवर सांगत होत्या.” टोपीचं मला ठाऊक नव्हतं. टीव्हीचा परिच्छेद वाचू नये. (खाडाखोड माझ्याने होत नाही, म्हणून तसाच ठेवला आहे.) तिकिटं विकतच काढतो, जूनपर्यंत गम बंद.

पुन्हा ता. क. पुण्याला येताना तेवीस नंबर आणावा. संच बाद आहे, तरी अपुरा राहू नये. मैदान दिसेपर्यंत कार्ड तुमच्याच खिशात राहू द्यावं, मागणार नाही.

रोजनिशीत उद्याची नोंद: मेन रोडवर जाऊन दोन तिकिटं काढणे. (शिक्का घरी ठेवून जाणे.)