पास्कलच्या वडीची सुरी

५ मार्च, राखेचा बुधवार
जीना, माझी सून, हिने मोबाईलमध्ये सोय करून दिली. बटण दाबायचं, तारीख सांगायची, बोलायचं. आत आपोआप लिहिलं जातं. मला अक्षर येत नाही, तेव्हा हे कुणी वाचण्याचा प्रश्नच नाही.
आज ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू. देवळात कपाळाला राख लावून घेतली आणि मशेरी सोडली. साठ वर्षांची सवय. डबी सरळ चुलीत. दातांचे डॉक्टर म्हणाले, ईस्टरपर्यंत तंबाखू पूर्ण बंद, हिरड्या बऱ्या झाल्या तरच पुढचे चार दात बसवीन. चार मेला आमच्या लग्नाला पन्नास वर्षं. देवळात मिस्सा, मग जेवण, फोटो. लग्नाच्या फोटोत लाजून तोंड मिटलं होतं. आता दात दाखवून हसणार.
सोडणं अवघड नाही. मनावर असतं.

६ मार्च, सकाळी अकरा
जीनाशी, दूधवाल्याशी आणि मांजराशी भांडण. चूक तिघांची.

९ मार्च, रविवार
आमचे पास्कल पाईप ओढतात. उपासकाळासाठी दिवसाला एकच, तोही रात्री जेवून, मागे केळीत जाऊन. तंबाखू पुतण्या स्टॅनी जहाजावरून आणतो. सुटी नव्हे, वडी. दाबून दाबून विटेसारखी केलेली. ती पातळ कापायची, चुरायची, मग भरायची. पास्कलचा हात हल्ली थरथरतो. काल वडीऐवजी अंगठा कापला. म्हटलं, आजपासून मी कापीन. पन्नास वर्षांची सेवा, आणखी एक.
जीनाने विचारलं, मम्मी, तुम्ही तंबाखूला हात लावणार? म्हटलं, हाताला हिरड्या असतात का?
फक्त योग्य सुरी हवी.

११ मार्च
मासे कापायची सुरी. चकत्या बऱ्या. पास्कल ओढून आले, म्हणाले, बोंबील भाजल्यासारखं वाटलं. सुरी बाद.

१२ मार्च
कोयता. अर्धी चकती उडून विहिरीत. बाद.

१५ मार्च
विळी. चकत्या जाड-बारीक, पण पाटावर चिमूटभर भुगा पडला. वस्तू वाया घालवणं पाप, तेही उपासकाळात. बोटाने टिपून घेतला. बोट हिरडीला लागलं.
ही मशेरी नव्हे. मशेरी भाजलेली असते. डॉक्टर मशेरीबद्दल बोलले होते, शब्द पक्का लक्षात आहे माझ्या.

१९ मार्च, संत जोसेफचा सण
शेजारचा आग्नेल तीस वर्षं जहाजावर कूक होता. त्याने आपली सुरी आणून दिली. पातं पिंपळाच्या पानासारखं पातळ. वडीतून अशी गेली, जशी लोण्यातून. कागदासारखी चकती. पाटावर एक कण नाही. पास्कल चकती उजेडात धरून बघत बसले.
मी सुरी परत केली. म्हातारी माणसं आम्ही, घरात इतकी धार बरी नव्हे. आग्नेल म्हणाला, "रेजिनाबाय, सुरी कापते म्हणून परत करणारी तुम्हीच पहिली."
त्याला सुऱ्यांतलं काही कळत नाही. जहाजावर डबे उघडत असणार.

२४ मार्च
सापडली. ब्रेड कापायची, दातेरी. कापत नाही, करवतते. एका चकतीमागे चांगला चमचाभर भुगा. जीना म्हणाली, यात अर्धी वडी वाया जातेय. म्हटलं, वाया काहीच जात नाही.

२ एप्रिल
आता सकाळीही एक चकती कापून ठेवते. दुपारी एक. पास्कलने विचारलं, एका पाईपला तीन चकत्या कशाला? म्हटलं, उपासकाळात हात रिकामे ठेवू नयेत. त्यांनी चकत्या डब्यात टाकल्या.
घरात शांतता आहे. जीना फोनवर कुणाला तरी सांगत होती, मशेरी सुटल्यापासून मम्मींचा स्वभावच बदलला. खरं आहे.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
प्रार्थना गटातल्या मार्गारेटने मला सगळ्यांसमोर उभं केलं. साठ वर्षांची मशेरी एका दिवसात सोडली म्हणाली. टाळ्या. लोकांचा विश्वास मोडू नये, म्हणून मीही दोन शब्द बोलले. मन घट्ट हवं, म्हटलं. दोघीजणींनी तिथल्या तिथे मशेरी सोडली. बिचाऱ्या. त्यांच्या घरी पाईप नाही.

२० एप्रिल, ईस्टर
वडी संपली. एवढी मोठी वडी. दिवसाला एक म्हणतात आणि ओढतात किती! पुरुषांच्या मनावर काही नसतं.

२२ एप्रिल, मंगळवार
दवाखाना. जीना आणि पास्कल सोबत. डॉक्टरांनी पांढरा कापूस हिरडीवरून फिरवला आणि माझ्यासमोर धरला. तपकिरी.
म्हटलं, यांच्या पाईपचा धूर. बसतो तोंडात.
पास्कल खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. जमिनीकडे बघत हळूच म्हणाले, "रेजिना, जोसेफच्या सणापासून मी पाईप पेटवलाच नाही."
जीनाने विचारलं, मग रोज रात्री केळीत?
"नुसता उभा राहायचो. ही साठ वर्षांची सवय सोडते आणि माझा एक पाईप सुटत नाही, याची लाज वाटली. सांगणार होतो. पण ही एवढ्या मनापासून कापत होती."
डॉक्टरांनी हातमोजे काढले. दातांचं आता पावसाळ्यानंतर बघू म्हणाले.

२३ एप्रिल
पास्कलने डबा आणून पुढ्यात ठेवला. महिन्याभराच्या चकत्या, जशाच्या तशा. रागावले नाहीत. म्हणाले, फोटोत मीही तोंड मिटून बसतो, जोडी दिसेल.
म्हटलं, हा डबा आत्ताच्या आत्ता आग्नेलला देऊन या. गेले.
पाट धुवायला घेतला. आधी बोटाने पुसून घेतला.